दुरुस्तीआधीचे फोटो

खट्टाक.

भर दुपारी आमच्या घरात असा आवाज करायला परवानगी नाही. भुंगी नुकतीच झोपली होती, आणि चार वर्षांच्या मुलीला दुपारी झोपवण्यासाठी आईला काय काय कबूल करावं लागतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. भिंतीवरची घड्याळं तेवढी टिकटिकत होती, पण ती आमच्याकडे शांततेतच धरतात. मी स्टुलावर उभी, एक हात कपाटाच्या माथ्यावर, दुसऱ्या हातात कॅमेरा, श्वास रोखलेला.

आत भुंगीने कूस बदलली. पुन्हा सगळं शांत.

"काय मोडलं?" बाहेरच्या खोलीतून बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी विचारलं.

"काही नाही, बाबा."

"काही नाही असं वाजत नसतं."

बाबांचा उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला. दुकान बंद केलं तरी कान काही बंद झाले नाहीत. फ्रीजच्या दाराचं रबर ढिलं झालंय, लिफ्ट आज रुसणार आहे, माझी डावी चप्पल उजवीपेक्षा जास्त झिजली आहे, हे सगळं ते खुर्चीत बसल्या बसल्या सांगतात. त्यांच्या घरात सून म्हणून राहायचं म्हणजे चोरून बिस्किटसुद्धा खायची सोय नाही.

"माझा जुना कॅमेरा आहे," मी दारातून हळूच म्हटलं. "ताईंना द्यायला काढलाय."

"चालतो?"

"वाजला तर खरं."

"वाजला," बाबा मान तिरकी करून म्हणाले, "पण बरा नाही वाजला."

ताई म्हणजे माझी नणंद. सकाळीच तिचा फोन आला होता. नव्या घरात तिने काचेचं कपाट करून घेतलंय आणि त्यात जुन्या वस्तू मांडल्यात. "फुलदाणी आणि टाइपरायटर यांच्यामध्ये नेमकी एक जागा रिकामी राहिलीय बघ," ती म्हणाली. "तुझा तो कॅमेरा तिकडे नुसता धूळ खातोय ना गं? इकडेही धूळच खाईल, पण चार लोक बघतील तरी." त्यात खोटं काही नव्हतं. भुंगी पोटात असताना जड वस्तू नकोत म्हणून तो जो कपाटावर गेला, तो गोधड्यांच्या मागे तसाच राहिला. मी लगेच हो म्हणून टाकलं.

मग स्टूल ओढलं, कॅमेरा काढला, फडक्याने पुसला आणि काच स्वच्छ झाली का बघायला डोळ्याला लावला. समोर स्वयंपाकघराचं दार, कडीला अडकवलेलं ओलं फडकं, त्याच्या टोकाला पडू की नको म्हणत लोंबणारा एक थेंब. बोटाने मला विचारलंच नाही.

रात्रीच्या जेवणाला मी जाहीर केलं की कॅमेरा आत्ताच देणार नाही. आधी एक रोल काढणार. त्यात मनासारखा एक तरी फोटो आला, तर कॅमेरा माझा. नाही आला, तर ताईंच्या फुलदाणीशेजारी.

"पास-नापास कोण ठरवणार?" नवऱ्याने विचारलं.

"मीच."

"मग झालीसच पास."

"तुझ्या डब्याची भाजी रोज मीच चाखून पाठवते. कधी पास झालीय?"

बाबा हसले. नवऱ्याने भाजी आणखी वाढून घेतली. ताईला फोनवर कळवलं तेव्हा तिने उसासा टाकला, "बरं बाई, ठेवते जागा राखून. पण लवकर काय ते सांग. रिकाम्या जागेत आमचे हे चष्मा ठेवायला लागलेत."

सगळ्यांना ती गंमत वाटली, आणि मीही ती गंमत असल्यासारखीच सांगितली होती. पण मला खरंच बघायचं होतं. आधी मी रस्त्याने चालले की मला दिसायचं. काय ते नेमकं सांगता येत नाही, पण दिसायचं. आता रस्त्याने चालले की मला दुधाच्या पिशव्या, औषधांचं दुकान आणि भुंगी कुठे पडेल अशा जागा दिसतात. ती जुनी नजर शिल्लक आहे की बाळाच्या कपड्यांबरोबर तीही कुणाला देऊन टाकली, एवढंच मला कळायला हवं होतं.

या रोलवर भुंगीचा एकही फोटो घ्यायचा नाही, असा मी नियम केला. हा निर्दयपणा नाही. माझ्या फोनमध्ये भुंगी इतकी भरलीय की त्यात आता नवीन नंबरही मावत नाही. झोपलेली भुंगी, एकच मोजा घातलेली भुंगी, डबा उलटा डोक्यावर घेतलेली भुंगी, आणि हाच डबा घेतलेली भुंगी दुसऱ्या बाजूने. भुंगीला मात्र नियम मान्य नव्हता. तिने कॅमेरा उलटा केला आणि त्याच्या पाठीवर बोट आपटलं.

"यात कुणीच नाहीये."

"यात लगेच दिसत नाही, सोन्या. आत रोल असतो, अंधारात. उजेड लागला तर काढलेले फोटो पुसले जातात. म्हणून हे झाकण उघडायचं नाही."

"मी पण नाही?"

"तू तर नाहीच नाही."

घरात धोका कुणापासून आहे, याचा माझा अंदाज असा होता.

सकाळी मी दातांच्या दवाखान्यात बसते. फोन उचलायचे, नावं घ्यायची आणि आतून किंचाळी आली की बाहेरच्यांकडे बघून हसायचं. भुंगीला बालवाडीतून बाबा आणतात. त्यामुळे दवाखाना ते घर ही वाट तेवढी माझी एकटीची. इतके दिवस मी ती पळत संपवायचे. आता गळ्यात कॅमेरा अडकवून, जरा लांबच्या गल्लीने, हळूहळू संपवायला लागले.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. गल्ली कुणीतरी नुकतीच धुतली होती आणि गटाराचं लोखंडी झाकण ओलं होऊन असं चकाकत होतं की मी सरळ रस्त्यात उकिडवी बसले. फोटो घेऊन उठते तर शेजारी रंगाच्या दुकानाचा मालक उभा, हात जोडून.

"आलात एकदाच्या! किती तक्रारी केल्या आम्ही."

"नाही हो, मी आपली सहज..."

"सहजच या, पण हेही बघून जा." त्याने मला पुढच्या वळणावर नेलं. तिथलं झाकण हलत होतं, ते त्याने वर उभं राहून हलवून दाखवलं. त्यापुढच्याला कोपराच नव्हता. इतक्या अपेक्षेने बघणाऱ्या माणसासमोर कॅमेरा खाली ठेवणं मला जमलं नाही. दोन्ही झाकणांचे फोटो काढले. "साहेबांना सांगा, पाइपही गळतोय," तो मागून ओरडला. मी सांगते म्हणाले. रोलवर फोटो मावतात छत्तीस. त्यातले तीन असे गटारात गेले.

दुसऱ्या दिवशी वाऱ्याने फुगलेल्या चादरी दिसल्या, तर गच्चीवरून एक बाई कडाडल्या, "ओ, चादरीवरच्या डागाचा फोटो कशाला हवाय तुम्हाला?" मला डाग दिसलासुद्धा नव्हता. घरी मी जिन्यातला उजेड घेतला, बाबांच्या भिंगाची डबी घेतली, ताटलीतल्या वाटाण्याच्या सोललेल्या शेंगा घेतल्या. घरात उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्यातला पडदा जरा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. त्यामुळे आवाज लांबतो, खट्ट... टाक. प्रत्येक वेळी बाबा पेपर खाली घ्यायचे.

"लंगडतोय."

"लंगडत नाही, बाबा. मी मुद्दाम हळू ठेवलाय. उजेड कमी आहे ना."

"मुद्दाम?" बाबा हसले. "घड्याळ मुद्दाम मागे ठेवलंय, असं सांगणारी गिऱ्हाइकं पुष्कळ पाहिली मी."

आणि मग, रोल संपत आला असताना, मला सलून दिसलं.

अर्ध्या काचेचं दार, आत एकच खुर्ची. खुर्चीत एक गुबगुबीत गृहस्थ, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरं कापड, गालभर फेस, आणि गाढ झोपलेले. फेसातून श्वासाचा एक बुडबुडा यायचा आणि फुटायचा. न्हावी वस्तरा हातात धरून शेजारी उभा. उठवायचं की नाही, हे त्याचं ठरत नव्हतं. तो वाकायचा, वस्तरा गालापर्यंत न्यायचा, पुन्हा सरळ व्हायचा. एकदा तर त्याने रस्त्यावरच्या हॉर्नकडे असं रागाने पाहिलं, जशी मी भुंगी झोपल्यावर दुधवाल्याच्या घंटीकडे बघते. मी दाराबाहेर थबकले. न्हाव्याला मी दिसले. त्याने ओठांवर बोट ठेवलं.

मी फोटो घेतला. बाहेर ऊन होतं, आवाज छोटासा झाला. खटक.

काही फोटो काढतानाच कळतात. पोटात काहीतरी जागच्या जागी बसतं. मी न्हाव्याला मान लववली आणि निघाले, आणि घरापर्यंत जवळजवळ उड्या मारत आले. त्या संध्याकाळी मी ताईला फोनही करणार होते, की चष्म्याला जागा कायमची द्या म्हणून. पण म्हटलं, आधी डोळ्यांनी बघू. चार-पाच फोटो उरलेत, तेही संपवू.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात फार गर्दी होती म्हणून कॅमेरा घरीच ठेवला.

परत आले तर बाहेरच्या खोलीत टेबल खिडकीला चिकटवलेलं. त्यावर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर टेबललॅम्प, भर दिवसा लावलेला. बाबांच्या डोळ्यात घड्याळवाल्याचं काळं भिंग. भुंगी मांडी घालून टेबलावरच बसलेली, हातात वाटी, वाटीत इवलेसे स्क्रू. आणि मधोमध माझा कॅमेरा.

"ये, ये!" बाबा भिंगासकट माझ्याकडे वळले. "चप्पल काढायच्या आधी ऐक." त्यांनी कॅमेरा कानाला लावला आणि दाबला. खटक. पुन्हा दाबला. खटक. "बघितलंस? गेला लंगडेपणा."

त्यांनी पडद्याचा वेग ठरवणाऱ्या चकतीवरचा आकडा बदलला होता, एवढंच. पण तो फिरवताना काय काय झालं होतं?

"बाबा," मी शक्य तितक्या हलक्या आवाजात विचारलं, "उघडला होतात का?"

"उघडल्याशिवाय दुरुस्ती होते का? खालची पट्टी काढली, मग मागचं झाकण. आत काय धूळ गं! रोल होता तुझा. त्याला मात्र बोटसुद्धा लावलं नाही मी." ते अभिमानाने म्हणाले. "श्वासाची वाफ लागू नये म्हणून तोंडाला रुमाल बांधला. खिडकीत धरलं, वरून लॅम्प घेतला, कानाकोपरा बघून ब्रशने पुसलं. चांगला अर्धा तास. आणि जसा होता तसा बंद."

घड्याळवाल्याचे शत्रू दोनच, धूळ आणि बोट. उजेड त्याचा जन्माचा सोबती. या माणसाने माझ्या रोलला धूळ लागू दिली नाही, बोट लागू दिलं नाही, वाफ लागू दिली नाही. फक्त जगात होता नव्हता तेवढा उजेड दाखवला.

मी वाकून चप्पल काढली आणि नको तितकी नीट लावून ठेवली.

"काय गं? आवडलं नाही?"

भिंगामुळे त्यांचा एक डोळा बशीएवढा दिसत होता. दुकान बंद झाल्यापासून मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

"छान वाजतोय, बाबा," मी म्हटलं, आणि चहा टाकायला आत गेले. चहा टाकला, त्यात साखर टाकली, मग पुन्हा साखर टाकली.

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो आधी हसला, मग माझ्याकडे बघून थांबला.

"सांगून टाक त्यांना."

"सांगितलं तर ते कॅमेऱ्याकडे बघणारसुद्धा नाहीत पुन्हा. आणि माझ्याकडेही."

"नाही सांगितलंस तर पुढचा रोलही पुसून ठेवतील. स्वच्छ."

तेही खरंच होतं.

तरी थोडी आशा होती. रोल आत गुंडाळलेला असतो. उजेड वरच्या थरांना खातो, आतल्या थरांतलं कधीकधी वाचतं. पण न्हावी अगदी शेवटी काढलेला, म्हणजे सगळ्यात वर. मी ते स्वतःला सांगायचं टाळलं आणि रोल घेऊन फोटोवाल्याकडे गेले. त्याच्या दुकानात पुढे पासपोर्टचे फोटो आणि लोकांची तोंडं छापलेले कप. मागे मात्र अजून एक अंधारखोली आहे, कारण तिथलं बेसिन हलवायचा त्याला कंटाळा.

दोन दिवसांनी त्याने सगळा रोल एकाच मोठ्या कागदावर बारीक बारीक चौकोनांत छापून माझ्यासमोर ठेवला. सुरुवातीचे थोडे चौकोन दिसत होते. मग कडा विरत गेलेल्या, मग पांढरं, पांढरं, पांढरं. शेवटी पुन्हा चित्रं.

"झाकण उघडलंय कुणीतरी," फोटोवाला म्हणाला. "घरात लहान मूल आहे?"

"आहे," मी म्हटलं. मूल सत्तरीचं आहे हे सांगितलं नाही.

"गटाराची झाकणं मात्र सुरेख वाचलीत."

वाचली होती. तिन्हीच्या तिन्ही. रंगाच्या दुकानवाल्याची तक्रार अगदी ठसठशीत नोंदली गेली होती.

"आणि हे शेवटचे काय आहेत?" त्याने भिंग पुढे केलं.

शेवटचे बाबांचे होते. आवाज तपासताना दाबलेले. छत. लॅम्पची तार. वाटीवर वाकलेल्या भुंगीचा भांग. आणि एका चौकोनात, कडेपासून कडेपर्यंत, केसाळ, सुरकुतलेला, धूसर, जुन्या झाडाच्या ढोलीसारखा एक कान.

"हा काय फोटो आहे, मॅडम! मोठा करून काचेत लावू का?"

मी बरं म्हटलं.

संध्याकाळी कागद जेवणाच्या टेबलावर पसरला. सगळ्यांची डोकी त्यावर.

"हा कान कुणाचा?" बाबांनी विचारलं.

"तुमचाच," नवरा म्हणाला. "आता कळलं, लहानपणी आमचं काहीच का लपायचं नाही."

"इतका मोठा आहे?" बाबांनी कान चाचपला. मग भिंग लावून ते कागदभर फिरले. वरून खाली, खालून वर. मी खाली बघत राहिले. आता त्यांना कळणार.

"बघा!" बाबांनी टेबलावर थाप मारली. "मी काय म्हणत होतो? आजारी होता की नाही? पहिले जरा बरे, मग बिघडत बिघडत पार पांढरे. आणि इथे, इथून माझी दुरुस्ती. एकदम ठणठणीत! घड्याळाचंही असंच असतं. आधी थोडं मागे पडतं, मग बंदच."

नवऱ्याने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही. पुरावा डोळ्यांसमोर होता. दुरुस्तीआधीचं जवळजवळ सगळं गेलेलं, दुरुस्तीनंतरचं सगळं आलेलं.

"बाबा," मी म्हटलं, "दुरुस्त झालेलं घड्याळ तुम्ही पुन्हा उघडून बघायचात का?"

"छे! चालू झाल्यावर हात लावला की बिघडलंच म्हणून समज. शिकाऊ पोरं करायची असलं."

"मग आता याला?"

"आता याला कोणी हात लावायचा नाही," बाबांनी सगळ्यांना बजावलं. "मीसुद्धा नाही."

नवऱ्याने ग्लास खाली ठेवला आणि टेबलाखालून माझा हात दाबला. पुढचा रोल वाचला होता. फक्त पुढचा रोल असणार का, हेच ठरायचं होतं.

तेवढ्यात ताईचा फोन. नवऱ्याने तो सगळ्यांना ऐकू येईल असा मधोमध ठेवला.

"काय गं, लागला निकाल? आला का एक तरी?"

मी कागदाकडे पाहिलं. झाकणं, कान, आणि मधे मैदान. हिशेबाने बघायचं तर कॅमेरा आजच खोक्यात भरायला हवा होता. शेवटून सहावा चौकोन असणार तो. मी त्यावर बोट ठेवलं.

"एक आला, ताई."

"पाठव की मग!"

"पाठवता येणार नाही. तो पांढऱ्यांतला आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे काढला होता. चांगला काढला होता." माझा आवाज मलाच जरा मोठा वाटला. "सलून आहे. अर्ध्या काचेचं दार. खुर्चीत एक जाडे काका, गालभर फेस लावलेला, आणि गाढ झोपलेत."

"फेसासकट?" ताई म्हणाली.

"फेसासकट. त्यातून बुडबुडा येतोय. आणि न्हावी वस्तरा घेऊन शेजारी उभा. त्याला उठवायचं जिवावर आलंय. वाकतो, पुन्हा सरळ होतो. माझ्याकडे बघून त्याने असं केलं." मी ओठांवर बोट ठेवलं. ताईला ते दिसणार नव्हतं, पण नवऱ्याने सांगितलं, "ओठांवर बोट ठेवलं, ताई."

"वस्तरा कुठल्या हातात?" बाबांनी विचारलं.

"उजव्या. डाव्या हाताने कापडाचं टोक सावरलंय, घसरत होतं म्हणून. मागे आरसा आहे, आणि आरशात काकांच्या टकलाचा मागचा भाग, त्यावर उन्हाचा एक तुकडा."

मला सगळं दिसत होतं. खुर्चीच्या दांडीचा उडालेला रंगसुद्धा. फोनमध्ये ताई खुदखुदत होती. बाबा भिंग लावून त्या पांढऱ्या चौकोनात खरोखरच बघत होते.

"ताई," मी म्हटलं, "कॅमेरा नाही मिळणार."

"नको बाई. फुलदाणी सरकवते मी," ताई म्हणाली. "नाही तर त्या रिकाम्या जागेत चष्माच बरा."

भुंगी इतका वेळ टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकवून ऐकत होती. तिने माझं बोट बाजूला सारलं, चौकोनाला नाक लावलं आणि अगदी हळू, कुणीतरी जागं होईल अशा आवाजात विचारलं,

"आई, मग ते काका उठले का?"